पास झालेला पेपर आणि मागे राहिलेली फाइल

अमेरिकेच्या वैमानिक परवान्यांच्या नियमावलीत ६१.३९ क्रमांकाचं एक कलम आहे. एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट, म्हणजे एटीपी, हा तिथला सर्वोच्च परवाना. त्याची लेखी परीक्षा पास झाल्यावर प्रत्यक्ष उड्डाणाची चाचणी किती दिवसांत द्यायची, हे त्या कलमात सांगितलं आहे. बहुइंजिन विमानांसाठी आज ही मुदत ६० महिन्यांची आहे. ती उलटली की निकाल बाद. पण लगेच पुढच्या पोटकलमात एक सवलत ठेवलेली आहे. चाचणीच्या वेळी उमेदवार एखाद्या अधिकृत विमान कंपनीत वैमानिक म्हणून नोकरीला असेल आणि त्या कंपनीचं सुरुवातीचं प्रशिक्षण त्याने नीट पुरं केलं असेल, तर मुदत संपलेला निकालही चालतो. कलमाचे शब्द जसेच्या तसे घेतले तर मोठा मजेशीर अर्थ निघतो. नोकरी नसताना ६१व्या महिन्यात मेलेला निकाल नवी कंपनी मिळताच उठून बसतो. माणूस तोच, डोकं तेच, त्यातलं लक्षात राहिलेलं आणि विसरलेलंही तेच. बदललं ते फक्त गळ्यातलं ओळखपत्र.

वैमानिकांच्या गप्पांत हा विषय वरचेवर निघतो आणि सूर नेहमी काळजीचा असतो: कंपनी बदलतोय, माझी ‘रिटन’ चालेल ना? काळजी रास्त आहे. पेपर पुन्हा द्यायचा म्हणजे पैसे, रजा आणि तिशी-पस्तिशीत नव्याने पाठांतर. नियम वाचून हो किंवा नाही असं उत्तर देता येतं, पण तेवढ्यावर भागू नये. माणूस एका विमान कंपनीतून दुसरीत जातो तेव्हा त्याच्याबरोबर काय जातं आणि काय मागे राहतं, हे त्याहून महत्त्वाचं आहे. आजवर बहुतेक वेळा पास झाल्याचा कागद बिनबोभाट बरोबर गेला. तो कुठे अडखळला, कोणती चाचणी त्याला दुसऱ्यांदा द्यावी लागली, ही माहिती जुन्या कंपनीच्या कपाटात राहिली. लेखी निकालाचा मालकाशी असलेला संबंध तोडून टाकावा आणि सगळा आग्रह त्या कपाटाच्या किल्लीसाठी धरावा, असं माझं मत आहे.

युरोपने हा संबंध मुळात जोडलाच नाही. तिथे एटीपीएलचे, म्हणजे तिथल्या एटीपी परवान्याचे, तेरा विषय असतात आणि प्रत्येकात किमान ७५ टक्के लागतात. ते काढलेला तरुण व्यावसायिक परवाना आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेर काही दिसत नसताना केवळ उपकरणांच्या भरवशावर उडण्याची पात्रता, घेऊन कामाला लागतो. पुरेसे तास भरेपर्यंत त्याची थिअरी राखून ठेवलेली असते. वैमानिकांच्या बोलीत ही ‘फ्रोझन एटीपीएल’. ती ७ वर्षं टिकते, पण मोजणी परीक्षेच्या तारखेपासून होत नाही. इन्स्ट्रुमेंट रेटिंगची शेवटची मुदत जिथे संपते तिथून ७ वर्षं धरतात. दरवर्षी चाचणी देऊन रेटिंग चालू ठेवलं तर थिअरीचं घड्याळ सुरूच होत नाही. मालक एक झाला की पाच झाले, मधे सहा महिने घरी बसावं लागलं की नाही, हे त्या नियमाला विचारायचंच नसतं.

अमेरिकेत घड्याळ परीक्षेपासून चालतं आणि ते थोपवायची ताकद मालकाच्या हातात असते. या व्यवस्थेच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. मोठ्या कंपनीचं प्रशिक्षण कडक असतं, सरकारमान्य असतं, त्यात ग्राउंड स्कूल आणि सिम्युलेटर दोन्ही येतात. त्यातून बाहेर पडलेल्याला पुन्हा जुन्या पेपरला बसवणं म्हणजे वेळेची नासाडी. हा युक्तिवाद मला पटतो, आणि त्यातूनच पुढचा प्रश्न उभा राहतो. कंपनीचं प्रशिक्षण जर लेखी परीक्षेची जागा घेऊ शकतं, तर त्या प्रशिक्षणात उमेदवार कसा निघाला याची नोंद लेखी निकालापेक्षा कितीतरी मोलाची ठरते. मग माणसामागून प्रवास करायला हवा तो त्या नोंदीने.

ही ६० महिन्यांची मुदत आली कुठून तेही बघण्यासारखं आहे. ३१ जुलै २०१४ पर्यंत जे पास झाले, त्यांचा निकाल २४ महिनेच टिकणार होता. १ ऑगस्टपासून लेखीला बसण्याआधी एक सक्तीचा कोर्स आला: ३० तास वर्गात, १० तास सिम्युलेटरसदृश उपकरणांत. खर्च हजारो डॉलरचा. साहजिकच तारखेच्या आधी परीक्षा उरकून घ्यायला झुंबड उडाली. नव्या व्यवस्थेत मुदत वाढली, कारण एवढा खर्च करून मिळवलेला निकाल तास भरायच्या आत वाया जाऊ देणं कुणालाच परवडणारं नव्हतं. ज्ञान दोन वर्षांत शिळं होतं की पाच, याचा शोध घेऊन हा आकडा ठरला असं मानणं भाबडेपणाचं होईल. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःच्या स्मरणशक्तीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि किती काळाने किती आठवतात ते मोजायचं. विस्मरणाचा मोठा भाग पहिल्या काही तासांत आणि दिवसांत घडतो, पुढे वेग मंदावतो, असं त्यात दिसलं. परीक्षेसाठी घोकलेलं ज्ञान अगदी अक्षरगटांइतकं निरर्थक नसतं हे मान्य. तरीही जे वापरलं जात नाही ते २४व्या महिन्याच्या बरंच आधी गेलेलं असतं आणि जे रोजच्या कामात लागतं ते दहा वर्षांनीही जागेवर असतं.

आपल्याकडे हा पेच अमेरिकेपेक्षा जास्त अडचणीचा आहे. तिथे २०१३ पासून को-पायलटलाही एटीपी लागतो, त्यामुळे लेखी निकाल मोठ्या कंपनीच्या दारातच खर्ची पडतो. भारतात को-पायलट व्यावसायिक परवान्यावर, सीपीएलवर, वर्षानुवर्षं उडू शकतो. एटीपीएलचे पेपर तो मधेच कधीतरी काढून ठेवतो आणि १५०० तास भरायची वाट बघतो. इथेही निकालाला मुदत आहेच. गोंदियात किंवा बारामतीत उडायला शिकलेला, २०१८ साली पेपर काढलेला एखादा को-पायलट डोळ्यांसमोर आणा. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजचं शेवटचं विमान उडालं. दुसरी नोकरी लागेपर्यंत काही महिने गेले असं धरू. २५ मार्च २०२० ला देशांतर्गत उड्डाणं थांबली ती दोन महिने, आणि नंतरही पूर्ववत व्हायला बराच काळ लागला. नशीब आणखी वाकडं असेल तर तो तोवर गो फर्स्टमध्ये गेलेला असायचा आणि मे २०२३ मध्ये तिथलंही उड्डाण बंद पडलं असतं. त्याच्या आधीच्या पिढीने २०१२ साली किंगफिशरमध्ये हेच भोगलं. ज्या महिन्यांत त्याला तास मिळवायची संधीच नव्हती, तेच महिने त्याच्या पेपरच्या मुदतीतून कापले जातात. मालकाशी बांधलेली सवलत अशा माणसाच्या कामाची नाही, कारण ती हवी असते नेमकी मालक नसताना. भाड्याच्या सिममध्ये, म्हणजे सिम्युलेटरमध्ये, स्वतःच्या पैशाने चाचणी देऊन त्याने रेटिंग जिवंत ठेवलं असेल, तर थिअरीही जिवंत मानायला काय हरकत आहे?

इथवरचा भाग तसा सोपा आहे. नियामकाने ठरवलं तर एका दुरुस्तीत सुटेल.

अवघड भाग आहे तो पेपर मोजतो काय याचा. अमेरिकेतल्या परीक्षेत १२५ बहुपर्यायी प्रश्न असतात, वेळ ४ तास, पास व्हायला ७० टक्के. प्रश्नपेढ्या बाजारात मिळतात आणि त्या घोकून नव्वदच्या पुढे गुण काढणारे पुष्कळ असतात. आपल्याकडे हवामानशास्त्रासाठी आय. सी. जोशींचं पुस्तक, नियमांसाठी आर. के. बालींचं, बाकीला ऑक्सफर्डचे खंड, आणि शेवटच्या आठवड्यात मित्राकडून आलेले मागच्या सत्राचे प्रश्न. पाठांतराला नाक मुरडायची फॅशन आहे, मला ती मान्य नाही. गांधर्व महाविद्यालयाच्या विशारदला रागाचे वादी-संवादी पाठ केल्याने कुणाचं गाणं बिघडलेलं नाही. काही गोष्टी तोंडपाठच हव्यात. प्रश्न एवढाच की पास झाल्यावर पुढच्या मालकाला त्यातून काय कळतं. जवळजवळ काहीच नाही. मुलाखतीला आलेल्या प्रत्येकाकडे तोच परवाना असतो, म्हणजे प्रत्येक जण पासच असतो. नोकरभरतीच्या चाचण्यांवर मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या मोठ्या संकलनांत कामाच्या ज्ञानाची चाचणी काही वाईट ठरलेली नाही. तिचे गुण आणि पुढची कामगिरी यांचा सहसंबंध १९९८च्या श्मिट आणि हंटर यांच्या प्रसिद्ध लेखात ०.४८ होता, २०२२ साली सॅकेट आणि सहकाऱ्यांनी फेरमांडणी केली तेव्हा ०.४०. पण उमेदवारांत फरक असेल तरच कुठल्याही चाचणीला तो दाखवता येतो. सगळेच एका चाळणीतून आलेले असतील तर त्याच चाळणीने पुन्हा चाळून हाती काय लागणार?

अमेरिकेच्या निकालपत्रात एक चांगली गोष्ट असते, तिची चर्चा मात्र फारशी होत नाही. कोणत्या विषयांतले प्रश्न चुकले त्यांचे सांकेतिक क्रमांक त्यावर छापलेले असतात आणि प्रत्यक्ष चाचणी घेणाऱ्या परीक्षकाने तोंडी परीक्षेत ते विषय उकरून काढायचे असतात. म्हणजे ७० टक्के मिळवलेल्याचे उरलेले ३० टक्के निदान एका माणसाच्या नजरेखालून जातात. परवाना हातात आला की ते क्रमांकही विस्मृतीत जातात. पुढच्या मालकासमोर येतो तो ‘पास’ हा शिक्का.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री कोल्गन एअरचं ३४०७ हे विमान अमेरिकेत बफेलोजवळ एका घरावर कोसळलं. विमानातले ४९ आणि घरातला एक, असे ५० जण गेले. वेग घटत चालला होता, इशारा म्हणून कॅप्टनच्या हातातला स्टिक थरथरू लागला, आणि त्याने नाक खाली करण्याऐवजी स्टिक मागे ओढला. पंखांवरची हवा सुटत असताना नाक वर ओढायचं नसतं, हे कुठल्याही फ्लाइंग क्लबच्या पहिल्या महिन्यातल्या मुलाला विचारा, तो सांगेल. कॅप्टनलाही ते लेखी विचारलं असतं तर त्याने अचूक पर्यायावर खूण केली असती यात मला शंका नाही. अपघाताच्या चौकशीत दोन गोष्टी वर आल्या. त्या विमानातली स्टिक आपोआप पुढे ढकलणारी यंत्रणा चालू झाली की काय वाटतं, काय करायचं, याचा सराव त्याला सिममध्ये दिला गेला नव्हता. आणि नोकरीच्या अर्जात त्याने आधीच्या तीन नापास उड्डाणचाचण्यांपैकी एकच नमूद केली होती. कायद्याने काही जुन्या नोंदी मागवणं कंपनीला बंधनकारक होतं, पण परवान्याच्या या नापास चाचण्या त्या बंधनात येत नव्हत्या. त्यासाठी उमेदवाराची वेगळी संमती घ्यावी लागे.

या अपघातानंतर २०१० चा कायदा आला, त्यातून १५०० तासांची अट आली, वर सांगितलेला कोर्स आला, लेखी परीक्षा अवघड झाली. मृतांच्या नातेवाइकांनी त्यासाठी जिवाचं रान केलं, त्यांच्याबद्दल आदर ठेवूनच म्हणायला हवं की त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांचे तास १५०० च्या बरेच वर होते. नव्या अटींचा सगळा भार दारातून आत येणाऱ्यांवर पडला. त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं, सगळ्या वैमानिकांच्या नोंदींचं एक मध्यवर्ती भांडार उभारण्याचं. ते मात्र रेंगाळलं.

ही मागणी तेव्हाही जुनीच होती. डिसेंबर १९९४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅले-डरहॅमला उतरताना अमेरिकन ईगलचं ३३७९ हे छोटं विमान पडलं, २० पैकी १५ जण गेले. इंजिन बंद पडलं असा कॅप्टनचा चुकीचा समज झाला आणि पुढचं सगळं त्यातून बिघडत गेलं. आधीच्या कंपनीत त्याच्या कौशल्याबद्दल गंभीर शंका नोंदवल्या गेल्या होत्या आणि तो राजीनामा देऊन बाहेर पडला होता. नव्या कंपनीपर्यंत त्यातलं काही पोचलं नाही. १९९६ साली यावर कायदा झाला की नवा मालक जुन्या मालकाकडून मागच्या ५ वर्षांच्या नोंदी मागवील. कोल्गनच्या वेळी हा कायदा होता, पण त्याला भोकं होती. २३ फेब्रुवारी २०१९ ला ॲमेझॉनचा माल घेऊन निघालेलं ॲटलस एअरचं बोइंग ७६७ टेक्ससमधल्या ट्रिनिटी उपसागरात बुडालं, तिघे गेले. को-पायलटने आधीच्या दोन कंपन्यांमधली नोकरी अर्जात दाखवलीच नव्हती, आणि तिथे त्याची प्रशिक्षणं पुरी झाली नव्हती. चौकशी मंडळाने या भांडाराच्या रखडण्यावर थेट बोट ठेवलं. अंतिम नियम निघाला २०२१ च्या जूनमध्ये. कायदा ते नियम, ११ वर्षं. तेवढ्या काळात लेखी परीक्षेचा अभ्यासक्रम बदलला, प्रश्नसंख्या बदलली, निकालाची मुदत बदलली. पेपर बदलणं सोपं असतं, त्यात कुणाची अब्रू जात नाही.

या फायलींच्या विरोधात वैमानिकांच्या संघटना जे बोलतात ते उडवून लावण्यासारखं नाही. एका वाईट दिवसाची नोंद जन्मभर पाठीमागे लागली तर माणूस शिकताना चुका लपवायला लागेल आणि प्रशिक्षकही दयेपोटी ‘अपुरं’ लिहायचं टाळतील. सूडबुद्धीने लिहिणारे मालकही असतात. वैमानिकाने संप केला, तक्रार केली, आणि मग अचानक त्याच्या फायलीत ‘वृत्ती’ या सदराखाली ओळी वाढू लागल्या, हे न घडण्यासारखं नाही. अमेरिकेच्या भांडारात वैमानिकाला आपली नोंद बघायचा आणि चूक असेल तर हरकत घ्यायचा हक्क आहे, तो कळीचा आहे. माझी मागणीही मोजकी आहे. वर्तनाचे शेरे नकोत. औपचारिक चाचणीचा निकाल, पुन्हा घ्यावं लागलेलं प्रशिक्षण आणि अर्धवट सोडलेला कोर्स एवढंच जावं. एकदा नापास होऊन दुसऱ्यांदा पास झालेल्याला कुठलाही शहाणा प्रशिक्षणप्रमुख नाकारणार नाही. त्याच कमतरतेमुळे तिसऱ्या कंपनीत चौथ्यांदा नापास झालेल्याकडे मात्र त्याने दोनदा बघावं. भारतात वैमानिकाने नोकरी सोडण्याचा विषय निघाला की चर्चा होते नोटिशीच्या महिन्यांची. २०१७ पासून कॅप्टनला १२ आणि को-पायलटला ६ महिने. २०२३ साली आकासाचे ४३ वैमानिक नोटीस न भरता गेले, तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. बाँड किती लाखांचा, एनओसी दिली की अडवली, वेळापत्रक कोलमडलं तर भरपाई कोण देणार, यावर पानं भरली. जाणाऱ्याबरोबर त्याच्या प्रशिक्षणाचं चित्र नीट पोचतं का, हा प्रश्न त्या गदारोळात कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

मग लेखी परीक्षा हवी तरी कशाला, असं कुणी म्हणेल. त्याला उत्तर म्हणून गोव्याची एक घटना सांगतात, आणि ती नेहमी उलट्या बाजूने वापरतात. जानेवारी २०११ मध्ये एका खासगी कंपनीचं विमान दाबोळीला पुढच्या चाकावर आदळत उतरलं. चौकशीत कॅप्टनच्या कागदपत्रांपर्यंत हात गेला आणि एटीपीएलची गुणपत्रिका बनावट निघाली. मग आणखी काही जणांच्या गुणपत्रिका तपासल्या, अटका झाल्या, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयातल्या माणसापर्यंत धागे गेले. बघा, पेपर पास न होताही माणूस उडवत होता, मग पेपरची मातब्बरी काय, असा निष्कर्ष तेव्हा काहींनी काढला. एका उदाहरणावरून इतकी उडी घेता येत नाही, आणि शंका मुळात उतरण्याच्या पद्धतीवरूनच आली होती हेही विसरू नये. मला त्यातून वेगळंच दिसतं. जो कागद पास झाल्यानंतर पुन्हा कुणीच उघडून बघत नाही, त्याची नक्कल करणं सर्वांत सोपं. नवा मालक परवाना बघतो, परवाना सरकारी असतो, म्हणून तो मागे जात नाही.

पाकिस्तानात हाच प्रकार देशाच्या पातळीवर झाला. २४ जून २०२० ला तिथल्या हवाई वाहतूक मंत्र्यांनी संसदेत सांगितलं की ८६० पैकी २६२ वैमानिकांचे परवाने संशयास्पद आहेत, त्यांच्या जागी दुसऱ्यांनीच पेपर दिले. आठवड्याभरात युरोपने पीआयए या पाकिस्तानी विमान कंपनीला दारं बंद केली, ती उघडायला २०२४ चा नोव्हेंबर उजाडला. परदेशी कंपन्यांत काम करणाऱ्या पाकिस्तानी वैमानिकांना व्हिएतनाम, मलेशियाने रातोरात घरी बसवलं. त्यांतले कितीतरी प्रामाणिकपणे पास झालेले होते, पण ज्या परीक्षेवर विश्वास उरला नाही तिच्यात मिळवलेल्या निकालाला बाहेर किंमत राहत नाही. लेखी परीक्षा वैमानिक घडवत नसेल, पण अनोळखी मालकाला एक किमान हमी देते. त्या हमीमागे सचोटी हवी. निकाल ताजा आहे की जुना, हा त्यानंतरचा प्रश्न.

देश ओलांडला की या हमीचा तर्क आणखी डळमळतो. ३१ डिसेंबर २०२० ला ब्रिटन युरोपच्या हवाई व्यवस्थेतून बाहेर पडलं. ज्या ब्रिटिश वैमानिकांनी त्याआधी आपला परवाना युरोपातल्या दुसऱ्या देशात हलवून घेतला नाही, त्यांना १ जानेवारीनंतर फ्रेंच किंवा जर्मन कंपनीत त्या परवान्यावर काम मिळेना. ते तेरा विषय पुन्हा. अभ्यासक्रम आदल्या दिवशीपर्यंत एकच होता. भारतीय परवाना घेऊन युरोपात जाणाऱ्याचीही तीच गत, आणि अमेरिकेत शिकून परत येणारी पुण्या-मुंबईची मुलं इथे पुन्हा महासंचालनालयाच्या पेपरांना बसतात. एअर रेग्युलेशन्सचा पेपर समजू शकतो, प्रत्येक देशाचे नियम थोडे वेगळे असतात. पण ढग आणि वाऱ्याच्या परीक्षेला सीमा कुठून आल्या? या पेपरांत ज्ञानापेक्षा नियामकांचा एकमेकांवरचा अविश्वास जास्त असतो, आणि त्याची फी विद्यार्थी भरतो.

ज्या ठिकाणी लेखी परीक्षा खरोखर घ्यायला हवी, तिथे ती उरकण्याच्या भावनेने घेतली जाते. विमान तेच, ए-३२०. कंपनी बदलली की कॉकपिटमधली भाषा बदलते: कुठल्या उंचीवर कोणी काय पुकारायचं, फ्लॅप कधी आत घ्यायचे, किती उंचीपर्यंत विमान स्थिर झालं नाही तर उतरणं सोडून वर जायचं. दहा वर्षं एका पद्धतीने केलेलं काम हातात मुरलेलं असतं. नवी पद्धत वर्गात कळते, सिममध्येही जमते, आणि पावसाळी रात्री मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीकडे येताना वारा फिरला की जुना हात पुढे येतो. इथे नवखा फारसा चुकत नाही, चुकतो तो अनुभवी. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा शेकडो वैमानिकांनी राजीनामा न देता मालक बदलला. विमानं तीच, घरं तीच, पण कार्यपद्धतीची पुस्तकं एक करावी लागली. अशा वेळी हवामानशास्त्राचा जुना निकाल ताजा आहे का, हे विचारून काय मिळणार? विचारायचं ते हे की तुझ्या जुन्या सवयीतली कोणती गोष्ट इथे चूक ठरेल. पुस्तक समोर ठेवून, तीस-चाळीस प्रश्न, आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तरावर सिममध्ये एक प्रसंग. सत्तर टक्क्यांची रेघ इथे नको. चुकलेला एकही प्रश्न तसाच सोडायचा नाही.

दोन कंपन्यांच्या पद्धतींतल्या फरकावरच्या या पेपरलाही एक मर्यादा आहे. बोइंगची ७३७ मॅक्स आली तेव्हा जुन्या ७३७ वरच्या वैमानिकांना आयपॅडवरचा एक छोटा कोर्स पुरेसा मानला गेला, आणि ज्या एमकॅस यंत्रणेमुळे पुढे लायन एअरचे १८९ आणि इथिओपियनचे १५७ जण गेले, तिचा त्यात उल्लेखही नव्हता. जे शिकवलंच नाही ते कुठली परीक्षा विचारणार? म्हणून हे प्रश्न मॅन्युअलवरून काढू नयेत. प्रत्येक उड्डाणाची विदा कंपन्या गोळा करतात आणि तपासतात. उतरताना ठरलेल्या मर्यादा कोणी कुठे ओलांडल्या हे त्यात दिसतं. दुसऱ्या कंपनीतून आलेले वैमानिक पहिल्या वर्षात कुठे घसरतात याची नावं काढून टाकलेली यादी प्रशिक्षण विभागाला सहज बनवता येईल. पेपर त्या यादीतून काढावा आणि दरवर्षी नवा काढावा.